आधी गोळी, मग नळी

अमेरिकेत रायफल घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न कंपनीचा विचारतो. रेमिंग्टन घेऊ की सॅव्हेज? टिका बरी की हाउवा? मला असे फोन बऱ्याचदा येतात आणि बहुतेक आपल्या मराठी मंडळींचेच असतात. "ताई, तुम्ही इथे नेमबाजी करता असं कळलं. एक बोल्ट ॲक्शन घ्यायचीय, क्लबात कागदावर चालवीन आणि शेतावर ग्राउंडहॉगसाठीही. कुठली घेऊ?" मी उलट विचारते, "गोळी किती ग्रेनची वापरणार? अंतर किती? आणि एका बैठकीत काडतुसं किती उडवणार?" पलीकडे गप्प. यात त्यांचा दोष नाही. दुकानात हे कुणी विचारतच नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यापायी पैसे गेले, काडतुसं गेली आणि बराच काळ स्वतःच्या नेमावरचा विश्वासही गेला. इतरांचं तसं होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

माझी नेमबाजी महाराष्ट्रात सुरू झाली, आधी एनसीसीत, मग क्लबात, आणि सगळी .२२ वर. तिथे ५० मीटरच्या रायफलीला काडतूस एकच, .२२ लाँग रायफल. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली ती याच काडतुसावर आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्य मिळवलं तेही याच्यावरच. या काडतुसाची गोळी जवळजवळ नेहमी ४० ग्रेनची असते (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). नळीच्या आतल्या खाचांचा पीळही जवळजवळ नेहमी एकच, १६ इंचांत एक फेरा. दोन्ही गोष्टी ठरलेल्या असल्यामुळे पिळाचा विषय तिथे निघतच नाही. आम्ही श्वासावर, चापावर, गालाच्या टेकणीवर, वाऱ्यावर तासन्‌तास बोलायचो. नळीचा पीळ आणि गोळीची लांबी यांचं लग्न जुळावं लागतं, हे मात्र .२२ वर वाढलेल्या नेमबाजाला कळायला काही कारणच पडत नाही. म्हणून आपल्याकडून इथे आलेला चांगला नेमबाजही या एका जागी हमखास कोरा असतो.

पेनसिल्व्हेनियात आले तेव्हा दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे अंतरं. इथल्या ग्रामीण क्लबांत १००, २००, ३०० यार्ड ही रोजची गोष्ट, काही ठिकाणी ६००. विल्यम्सपोर्टजवळ तर हजार यार्डांवर बेंचरेस्ट, म्हणजे बाकावर रायफल टेकवून, खेळणारा क्लब १९६० च्या दशकापासून आहे. दुसरी गोष्ट ग्राउंडहॉग. खारीच्या कुळातला, पण चांगला मांजराएवढा जाड प्राणी. गवताच्या कुरणात आणि सोयाबीनच्या कडेला बिळं खणतो. बिळाच्या तोंडाशी मातीचा उंचवटा, आत पोकळ जमीन. गवत कापणीच्या वेळी यंत्राचं पातं त्या उंचवट्यावर आपटतं, ट्रॅक्टरचं चाक खचतं, गाईचा पाय अडकतो. त्यामुळे इथले डेअरीवाले शेतकरी नीट वागणाऱ्या नेमबाजाला स्वतःहून शेतावर बोलावतात. पश्चिमेकडे, साउथ डकोटा, वायोमिंग, मोंटानात हेच नातं वसाहती करून बिळांत राहणाऱ्या प्रेअरी डॉगमुळे जुळतं. तिथे एकेका वसाहतीत दिवसभरात शेकडो काडतुसं उडतात, आणि रायफल निवडताना हा फरक फार मोठा ठरतो.

रायफलीच्या आधी कागद. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला इथला संघराज्याचा कायदा बंदूकच काय, काडतुसंही बाळगू देत नाही. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. मित्राची रायफल रेंजवर "जरा चालवून बघू" म्हणून हातात घेणं हेही बाळगण्यात मोजलं जाऊ शकतं आणि त्याचा फटका थेट व्हिसाला बसतो. ग्रीन कार्ड झालं की घेता येते. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते. ग्राउंडहॉगसाठी राज्याचा शिकार परवाना वेगळा, आणि पेनसिल्व्हेनियात पहिला परवाना काढण्याआधी शिकार-प्रशिक्षणाचा वर्ग करावा लागतो. तो वर्ग मनापासून करा. परवान्याचं काम करणारा वकील ओळखीचा असेल तर त्याला आधी विचारा, मंडळाच्या व्हॉट्सॲपवर नको.

आता माझी रायफल. दुकानात मी स्पष्ट सांगितलं होतं: शेतावर ग्राउंडहॉग, आणि क्लबात हळूहळू ६०० यार्डांपर्यंत जायचंय. काउंटरवरच्या माणसाने .२२-२५० काढून समोर ठेवली. जाड नळी, काळा प्लास्टिकचा दस्ता, किंमत बेताची. "ही दोन्ही करेल, हिच्यातून काहीही चालतं," असं तो म्हणाला.

.२२-२५० हे काडतूस वाईट मुळीच नाही. हौशी लोकांनी .२५० सॅव्हेजची पितळी मान आवळून ते बनवलं होतं आणि १९६५ मध्ये रेमिंग्टनने त्याला कारखान्यात आणलं. ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला ३,६०० फुटांहून जास्त वेगाने निघते. शेतावर पहिल्या उन्हाळ्यात मला फार समाधान मिळालं. अडीचशे यार्डांपर्यंत दुर्बिणीतली रेघ हलवायची गरजच पडत नव्हती आणि प्राणी जागच्या जागी संपत होता. हे शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जखमी प्राणी बिळात शिरून मरणं ही कुठल्याही नेमबाजाला लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

अडचण सुरू झाली क्लबात. ३०० यार्डांवर १० मैल वेगाचा आडवा वारा ५५ ग्रेनच्या हलक्या गोळीला नऊ-दहा इंच सरकवतो. तिथली अनुभवी मंडळी जड, लांब, निमुळती गोळी वापरतात, कारण ती वाऱ्याला कमी बधते. मी ७५ ग्रेनच्या मॅच गोळ्या आणल्या आणि काळजीपूर्वक काडतुसं भरली. १०० यार्डांवरच कागदावर गोल भोकांऐवजी लांबट चिरा दिसायला लागल्या. काही गोळ्या कागदाला लागल्याच नाहीत. गोळी हवेत आडवी होत होती.

गोळी तोंड पुढे ठेवून जाते ती स्वतःभोवती फिरते म्हणून, भोवरा फिरतो तोवर उभा राहतो तशी. लांब गोळीला उभं राहायला जास्त फेरे लागतात. इथे वजनापेक्षा लांबी मोजायची असते. वुलविचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये याचं साधं सूत्र मांडलं आणि आजही ढोबळ अंदाजाला ते पुरतं. ५५ ग्रेनची गोळी सुमारे पाऊण इंच लांब, ७५ ग्रेनची मॅच गोळी जवळजवळ एक इंच. माझ्या नळीचा पीळ होता १:१४, म्हणजे १४ इंचांत एक फेरा. .२२-२५० साठी हा जुना, ठरलेला पीळ आहे आणि ५५ ग्रेनला तो उत्तम आहे. ७५ ग्रेनला त्याच्याकडे फेरेच नाहीत. दारू बदला, गोळी पुढे-मागे बसवा, नळी घासा, काही उपयोग नाही. ही रायफल ६०० यार्डांसाठी जन्मलीच नव्हती, आणि ज्या दुकानाला मी ६०० यार्ड हा आकडा सांगितला होता, तिथे हे माहीत असायला हवं होतं.

ही गोष्ट घरी तपासता येते. नळी रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघा. सफाईच्या गजाला घट्ट बसणारी चिंधी लावा, मूठ मोकळी फिरणारी हवी. गज नळीत थोडा आत गेला की त्यावर नळीच्या तोंडाशी एक खूण करा आणि गजाच्या एका बाजूला वरच्या अंगाला दुसरी. गज हळूहळू ढकला. वरची खूण एक पूर्ण फेरा फिरून परत वर आली की गज किती इंच आत गेला ते मोजा. तोच पीळ. नव्या रायफलींवर हा आकडा बहुधा नळीवर काडतुसाच्या नावाजवळ कोरलेला असतो. दुकानदाराने "सगळं चालतं" म्हटलं तरी वाकून तो आकडा वाचाच.

.२२ व्यासाच्या गोळ्यांसाठी मी मनाशी धरते ते असं: १:१४ असेल तर ५५ ग्रेनपर्यंत. १:१२ असेल तर जेमतेम साठपर्यंत. १:९ वर ६८-७० पर्यंत बिनधास्त, ७५ वर नळी-नळीचा स्वभाव. १:८ वर ७५-७७ निश्चिंत. १:७ वर ८० आणि पुढे. उलट बाजूही आहे. पीळ फार वेगवान आणि गोळी फार पातळ कवचाची असेल तर ती वाटेतच फुटते. ३,२४० फूट वेगाने १:८ मधून निघालेली गोळी मिनिटाला सुमारे २,९०,००० फेरे घेते, तर माझ्या १:१४ मधून ३,६५० फुटांनी निघालेली सुमारे १,८८,०००. नेहमीच्या व्हार्मिंट, म्हणजे उपद्रवी प्राण्यांसाठीच्या, गोळ्या २,९०,००० सहज सोसतात. मुद्दाम अतिनाजूक केलेल्या सोसत नाहीत, आणि तशी सूचना गोळ्यांच्या डब्यावर असते.

हाच पेच दुसऱ्या काडतुसांतही दडलेला आहे. .२४३ विंचेस्टर १९५५ चं, बहुतेक नळ्या १:१० च्या. १०० ग्रेनच्या नेहमीच्या गोळीला ठीक, १०५-१०८ ग्रेनच्या लांब मॅच गोळीला भरवशाचा नाही. याउलट ६.५ क्रीडमूर २००७ मध्ये आलं ते पहिल्या दिवसापासून लांब गोळीसाठी १:८ पीळ धरूनच. म्हणून ते घेणाऱ्याला हा प्रश्न कधी पडत नाही. क्रीडमूरच्या लोकप्रियतेचं माझ्या मते हेच मोठं कारण आहे: कुठल्याही कंपनीची घ्या, पीळ चुकत नाही.

माझ्या रायफलीचं दुसरं दुखणं शोधायला जास्त वेळ लागला. ५५ ग्रेनच्या गोळ्यांचाही ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, कधी पाऊण इंचाचा, कधी दीड-पावणेदोनचा, आणि त्याची जागाही बदलायची. वाळूच्या पिशवीवर एक जागा, बायपॉडवर दुसरी. दुर्बिणीचे स्क्रू तपासले, दस्त्याचे स्क्रू टॉर्क रेंचने ठरल्या ताणाला आवळले, नळीचं तोंड भिंगाखाली पाहिलं. सगळं जागेवर. शेवटी बायपॉडवर रायफल ठेवून, खांद्याने जराशी पुढे रेटून, नळी आणि दस्ता यांमधून कागदाची पट्टी सरकवली. मध्येच अडकली. पोकळ प्लास्टिकचा दस्ता वाकून नळीला एका बाजूने चिकटत होता. बार उडताना नळी थरथरते आणि ती थरथर दर वेळी सारखी असेल तरच गोळ्या एका जागी पडतात. दस्ता कधी टेकला, कधी नाही, की ग्रुप पांगणारच.

मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की रायफल त्यांच्या निकषात बसते. निकष काय, तर १०० यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात. मला हे उत्तर आजही बोचतं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. बाजारातल्या बऱ्याच हमी अशा तीन गोळ्यांच्या असतात, म्हणून याचा हिशेब माहीत हवा. एखादी रायफल तीन गोळ्यांचा सरासरी एक इंचाचा ग्रुप देत असेल, तर तीच रायफल, तोच नेमबाज, पाच गोळ्यांना सरासरी सव्वा इंचाच्या थोडं वर जाईल आणि दहा गोळ्यांना दीड इंच ओलांडेल. रायफल बिघडली असं नाही. जितक्या जास्त गोळ्या, तितका खरा पसारा दिसतो. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप पाकिटात घालून फिरणारे लोक क्लबात भेटतात. त्यांना मी नम्रपणे विचारते, पुढच्या सात कुठे गेल्या? स्वतःची रायफल जोखायची तर पाच-पाच गोळ्यांचे निदान चार ग्रुप, न निवडता, सगळे जपून ठेवायचे आणि सरासरी काढायची.

तिसरी गोष्ट उष्णता. .२२-२५० मध्ये दारू साधारण ३५ ते ३८ ग्रेन, .२२३ मध्ये २५ ते २७. भोक दोन्हींचं सारखंच. तेवढ्याच भोकातून जवळजवळ दीडपट जळता वायू गेला की चेंबरच्या पुढचा गळा लवकर झिजतो. शेतावर सकाळभरात चार-पाच बार काढणाऱ्याला हे कधी जाणवणार नाही. क्लबात सलग वीस बार काढणाऱ्याला आणि प्रेअरी डॉगच्या वसाहतीवर बसणाऱ्याला नक्की जाणवतं. .२२३ ची नळी नीट वागवली तर काही हजार काडतुसं चांगली जाते. .२२-२५० ची, तापवून चालवली, तर त्याच्या बरीच आधी थकते. पश्चिमेला जाणारे जाणते लोक म्हणूनच दोन रायफली नेतात आणि आळीपाळीने चालवतात.

हे सगळं सोसून मी आता फोनवर काय सांगते? पहिली रायफल, कागद आणि उपद्रवी प्राणी दोन्हींसाठी, तर .२२३ रेमिंग्टन, पीळ १:८, नळी जाड आणि २४ इंचांच्या आसपास. १९६४ चं हे काडतूस. धक्का इतका कमी की गोळी लागताना दुर्बिणीत दिसते, आणि शिकणाऱ्याला याहून मोठा गुरू नाही. शेतावर ५० किंवा ५५ ग्रेन, क्लबात ७५ किंवा ७७, एकाच नळीतून. काडतुसं तुलनेने स्वस्त आणि कुठेही मिळतात. .२२३ लिहिलेल्या नळीत ५.५६ चं लष्करी काडतूस मात्र घालू नका. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, पण चेंबरची मापं आणि दाब वेगळे आहेत. एफ-क्लास नावाचा, पोटावर झोपून लांब अंतरावर खेळायचा प्रकार आहे. त्याच्या एफ-टीआर गटात .२२३ आणि .३०८ एवढीच दोन काडतुसं चालतात. म्हणजे हीच रायफल घेऊन स्पर्धेतही उतरता येतं. .२०४ रुगर २००४ पासून आहे, ३२ ग्रेनच्या गोळीला ४,२०० फुटांच्या वर वेग, शेतावर लाजवाब. पण लांबच्या कागदासाठी त्यात गोळ्यांची निवडच तोकडी. सगळं काम दीडशे यार्डांच्या आत असेल तर .१७ एचएमआर पुरे, आवाजही कमी. शेजारी घरं जवळ असतील तर मी आधी त्याचंच नाव घेते.

आणि आता कंपन्या, कारण विचारणाऱ्याला शेवटी नाव हवंच असतं. सॅव्हेजची ११० मालिका १९५८ पासून आहे. तिची नळी एका मोठ्या नटने धरलेली असते, त्यामुळे गेज आणि पाना असेल तर झिजलेली नळी घरच्या बाकावर बदलता येते. तिचा ॲक्यूट्रिगर मालकाला स्वतः सुरक्षितपणे हलका करता येतो. बोल्ट जरा खडबडीत चालतो, ते मला चालतं. टिका फिनलंडमधल्या रीहिमाकीला साकोच्या कारखान्यात बनते. तिच्या बोल्टइतका सुळकन सरकणारा बोल्ट या किमतीत मी हाताळलेला नाही, आणि तिची .२२३ ची नळी १:८ ची. पण काडतूस टाकायची खिडकी लहान आहे. एकेक काडतूस हाताने भरत स्पर्धा खेळणाऱ्याला त्याची सवय करावी लागते. जपानच्या हाउवाची १५०० हीच वेदरबी व्हॅनगार्डच्या मुळाशी आहे. जड, मजबूत, आणि जेवढं कौतुक व्हायला हवं तेवढं न झालेली. रेमिंग्टन ७०० ला १९६२ पासूनचा वारसा आहे, आणि तिच्यासाठी दस्ता, चाप, मॅगझिन असं जे म्हणाल ते बाजारात मिळतं. जुनी ७०० घेत असाल तर आधी सीरियल नंबर तपासा. २००६ ते २०१४ च्या काळातल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये परत मागवल्या होत्या, आणि दुरुस्त न झालेली एखादी अजून फिरत असू शकते.

या चारांपैकी कुठलीही योग्य पिळाची घेतलीत तर पहिली काही वर्षं रायफल तुम्हाला मागे खेचणार नाही. फरक पडेल तो दस्त्याने. दुकानातच बायपॉड किंवा पुढच्या टेकणीवर ठेवून, पुढे रेटून, कागदाची पट्टी सरकवून बघा. दस्ता लॅमिनेट लाकडाचा, किंवा आत ॲल्युमिनियमचा कणा असलेला असेल तर दोन पैसे जास्त द्या. लांबीही बघा. कारखान्याचा दस्ता बहुधा खांद्यापासून चापापर्यंत साडेतेरा इंचांच्या वर असतो, इथल्या उंचापुऱ्या पुरुषाच्या मापाचा. माझ्या उंचीच्या बाईला तो लांब पडतो, मान ताणावी लागते, डोळा दुर्बिणीपासून मागे राहतो. मागे पातळ-जाड पट्ट्या घालून लांबी बदलता येणारे दस्ते मिळतात. बायकांनी आणि मुलांसाठी घेणाऱ्यांनी तेच घ्यावेत. गालाची टेकण उंच करता येत असेल तर अजून चांगलं. .२२ वर शिकलेलं इथे कामाला येतं: गाल दर वेळी त्याच जागी.

दुर्बिणीसाठी रायफलीइतकेच पैसे बाजूला ठेवा. साध्या शिकारी दुर्बिणीचं पॅरलॅक्स कारखान्यातच १०० किंवा १५० यार्डांना पक्कं केलेलं असतं. ३०० यार्डांवर डोळा जरा हलला की रेघ लक्ष्यावरून सरकते आणि दोष रायफलीला जातो. बाजूच्या चकतीने पॅरलॅक्स जुळवता येणारी दुर्बीण घ्या, नाव कमी मोठं असलं तरी चालेल. कानांसाठी इअरमफ आणि आत इअरप्लग, दोन्ही. कुठल्याही सेंटरफायर रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

शेतावर गोळीच्या मागे माती हवी. .२२ लाँग रायफलच्या डब्यावरसुद्धा दीड मैलाचा इशारा असतो, .२२३ त्याहून लांब जाते. चढावर माथ्याशी बसलेला ग्राउंडहॉग, मागे नुसतं आकाश, असा बार कितीही सोपा दिसला तरी सोडून द्यायचा. शेतकऱ्याशी आधी फिरून घर, गोठा, रस्ता, गुरं कुठे आहेत ते बघून घ्या. हलकी, वेगवान व्हार्मिंट गोळी मातीत लागताच फुटते. .२२ ची संथ शिशाची गोळी दगडावरून उसळते. "लहान काडतूस म्हणजे जास्त सुरक्षित" हा समज इथे उलटा पडतो.

आणखी एक गोष्ट मला फार आतून वाटते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ३८ राज्यांतल्या १,२१० गरुडांची तपासणी प्रसिद्ध झाली. बाल्ड आणि गोल्डन, दोन्ही जातींच्या जवळजवळ निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या शिसे-विषबाधेच्या खुणा होत्या. शिकाऱ्याने उघड्यावर टाकलेलं मांस आणि मारलेले प्राणी खाऊन हे शिसं त्यांच्या पोटात जातं. फुटणाऱ्या गोळीचे कण तर धुळीइतके बारीक. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. पेनसिल्व्हेनियात अशी सक्ती नाही, पण शेतावर मी आता बिनशिशाच्या गोळ्या वापरते आणि मारलेला प्राणी खोल पुरते. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते आणि तिला जास्त वेगवान पीळ लागतो. १:१४ च्या नळीत अशा गोळ्यांपैकी फक्त अगदी हलक्याच नीट जातात, १:८ मध्ये मध्यम वजनाच्याही जातात. आज रायफल घेणाऱ्याने क्लबाची पायरी कधीच चढायची नाही असं ठरवलं असलं, तरी मी त्याला वेगवान पिळाची नळीच घ्यायला सांगते. त्याच्या राज्यात उद्या हा नियम आला तर रायफल बदलावी लागू नये, आणि नियम येण्याआधीच त्याला शिसं सोडता यावं.